नळी वाकडी असू दे

आमच्या घरात तीन मिक्सर, दोन इस्त्र्या आणि एक टेबलफॅन आहे. एक इस्त्री सोडली तर यांतलं काहीही आपोआप बिघडलेलं नाही. बाकी प्रत्येकाचा एखादा स्क्रू मी माझ्या हातानं ढिला केला, वस्तू पिशवीत घातली आणि दुरुस्तीला नेली. माझ्या बायकोला हे आत्ता, तुमच्याबरोबरच कळतं आहे. ‘या घरात काही टिकत नाही’ असं ती बारा वर्षं म्हणत आली आणि मी मान डोलावत आलो.

यामागचं कारण सांगायचं मी तितकीच वर्षं टाळलं. कारखान्यातली जुनी माणसं भेटली आणि कुणी ट्रकाचा विषय काढला की मी पाणी प्यायला उठायचो. आता शहात्तरावं लागलं आहे. पाणीसुद्धा डॉक्टरांनी बेतानं प्यायला सांगितलं आहे. उठून जायला निमित्त उरलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

बेंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या कारखान्याच्या मागच्या रस्त्यावर, गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका माणसाची पत्र्याची शेड होती. एका बाजूला प्लेटिंगचं युनिट, दुसऱ्या बाजूला कामगारांची मेस. सगळे त्यांना मेस्त्री म्हणत. पुण्याकडून आलेला कुणी ‘मिस्त्री’ म्हणाला तर ते ओ देत नसत. तो शब्द सुताराचा, असं त्यांचं ठाम मत. मी त्यांना अण्णा म्हणायचो आणि ते मला राव. बेंगळूरच्या जुन्या मराठी घरांत निम्मी माणसं राव असतात, त्यामुळे यात मानही होता आणि नाव विसरल्याची सोयही होती. आमची दोन्ही घराणी तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेली. मराठी उंबऱ्याच्या आत राहिली, बाहेर सगळं कन्नड. मेस्त्री हा नियम इंजिनालाही लावायचे. गिऱ्हाइकाशी कन्नड, टायरवाल्याशी तमिळ, पोलिसाशी हिंदी. आणि बॉनेट उघडलं की मराठी.

मी एकदा विचारलं, “अण्णा, कार्ब्युरेटरला मराठी कळतं?”

“घरातल्याशी घरातली भाषा,” ते म्हणाले. “कळतं की नाही ते त्याचं तो बघेल.”

कार्ब्युरेटरचं काम असलं की ते आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून यायचे. गिअरबॉक्सला खाकी, ब्रेकला खाकी, कार्ब्युरेटरला पांढरा. नवखं गिऱ्हाईक शेडमध्ये येऊन त्यांनाच विचारायचं, सर, मेस्त्री कुठे भेटतील? देवघरात जाताना कोण खाकी घालतं, असं त्यांचं म्हणणं. शर्टावर डाग पडला नाही तरच काम नीट झालं असं ते धरायचे, आणि मी ओळखत होतो त्या सगळ्या वर्षांत मी डाग पाहिला नव्हता. एक सोडून. तो पुढे येईल.

त्यांची हत्यारं फार नव्हती. चार पाने, एक पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि जीभ. जीभ मी गमतीनं म्हणत नाही. पेट्रोलच्या जुन्या गाड्यांत कार्ब्युरेटरला बारीक बारीक रबरी नळ्या जोडलेल्या असतात. इंजिन चालू झालं की ते हवा आत ओढतं, ती ओढ या नळ्यांतून इकडे तिकडे पोचते आणि छोटी छोटी कामं करते. कुठल्या तोंडाशी ओढ किती, हे बघायला बाकीचे लोक मापाचं घड्याळ लावतात. मेस्त्री नळीचं टोक जिभेच्या शेंड्याला लावायचे, डोळे मिटायचे, आणि सांगायचे: ही कायम ओढते; ही अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरच ओढते. याच जिभेनं ते मेसमधल्या कापीत, म्हणजे कॉफीत, आज चिकोरी किती जास्त पडली तेही सांगायचे. शेवटी शेवटी मेसचा मालक पहिला लोटा त्यांच्याकडेच पाठवायला लागला होता. मंजुरी आल्याशिवाय दुसऱ्यांना मिळत नसे.

जुना कार्ब्युरेटर काढून दुसरा बसवायचा म्हणजे त्यांच्या लेखी लग्न असायचं. आधी प्रत्येक नळीला एकेक रंगाचा दोरा बांधायचे. फुलवाल्यांचा दोरा, चिक्कपेटेच्या बाजारातून आणलेला. लाल, पिवळा, हिरवा. मग नव्या कार्ब्युरेटरच्या ज्या तोंडाशी ती नळी जायची तिथं त्याच रंगाचा दोरा. जुना निघाला, नवा बसला, की त्याची ओळख करून द्यायचे. हा जावई. ही सासू, इंजिन, हिचा आवाज मोठा पण मन चांगलं. हा डिस्ट्रिब्यूटर, मेहुणा, याच्याशी वेळेचं जमवून घ्यावं लागतं.

आणि चोक म्हणजे घरातलं म्हातारं माणूस. त्यांचं चोकवरचं प्रवचन मला तोंडपाठ आहे. “थंडी वाजली की म्हातारं दार लावून घेतं. लावू द्यावं. त्याशिवाय सकाळी गाडी उठत नाही. पण गाडी उठली की कुणीतरी जाऊन ते दार स्वल्प किलकिलं करायला लागतं. नाही केलं तर सगळं घर घुसमटतं. मग उन्हं आली की ते आपलं आपण सगळं उघडतं. आपण काय करायचं? किलकिलं करणारं माणूस योग्य जागी ठेवायचं. बस.”

बांधलेले दोरे म्हणजे कंकण. गाडी तीन दिवस धावली की मालकानं पुन्हा शेडमध्ये आणायची आणि मेस्त्री स्वतः दोरे सोडायचे. त्याआधी कुणी हात लावायचा नाही. कंकण कधी दुसरं कुणी सोडतं का?

त्यांच्या शेडवर पाटी नव्हती. एकच गोष्ट ते सगळ्यांना सांगायचे: मी जोडलेली गाडी वाटेत उभी राहत नाही, राहिली तर त्या दिवसापासून गाडीला पाना लावणार नाही. एकदा तुमकूर रोडवर त्यांच्या हातची एक व्हॅन बंद पडली असा निरोप आला. मेस्त्री हातातला घास टाकून उठले आणि बस न पकडता चालत तिथं गेले. टाकीत पेट्रोल नव्हतं. त्यांनी त्या मालकाला पेट्रोल आणून दिलं, पण सोडलं नाही. त्याच व्हॅनमधून मेसमध्ये आणलं, जेवणाऱ्यांसमोर उभं केलं आणि त्याच्याकडून मोठ्यानं म्हणवून घेतलं की पेट्रोल संपलं होतं, मेस्त्रींचं काही चुकलं नव्हतं. मग त्याला जेवू घातलं. सगळे हसत होते. मीही हसलो होतो.

आता माझ्याबद्दल. पंपाचे सुटे भाग करणाऱ्या त्या कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो. निवृत्तीनंतरही मालकांनी मला ठेवून घेतलं होतं, कारण माझ्या टेबलावरून वाकडा माल पुढे जात नसे. हा गुण कारखान्यापुरता राहिला असता तर बरं झालं असतं. मी दुसऱ्यांच्या घरी गेलो तरी भिंतीवरची तसबीर सरळ करतो. लग्नात पंगतीला बसलो की शेजाऱ्याच्या पानावरची चटणी माझ्या चटणीच्या रेषेत आहे का ते बघतो. बायको म्हणते, तुम्ही देवळात गेलात तरी आधी समईची वात बघाल.

कारखान्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा मालकांनी समारंभ ठरवला. त्यांच्या वडिलांनी कारखाना काढला तेव्हा पहिलं लेथ मशीन ज्या ट्रकातून आलं तो ट्रक शेडच्या मागे झाकून ठेवलेला होता. लष्कराच्या लिलावातून घेतलेला, पेट्रोलवर चालणारा, नाकाड्या. मालकांच्या मनात आलं की आपल्या म्हाताऱ्या आईला, आम्ही तिला अज्जी म्हणायचो, त्या ट्रकात बसवून मोठ्या फाटकापासून कारखान्याच्या दारापर्यंत मिरवत न्यायचं. ती त्या पहिल्या दिवशीही त्याच ट्रकात पुढे बसून आली होती, मांडीवर देवाची तसबीर घेऊन. मालक एका मोठ्या गॅरेजला बोलावणार होते. मी म्हणालो, आपले मेस्त्री आहेत. जबाबदारी माझी.

ट्रकाचा कार्ब्युरेटर कुजला होता. तसा दुसरा मिळणं शक्यच नव्हतं. मेस्त्रींनी भंगाराच्या दुकानांत, ज्याला आम्ही गुजरी म्हणतो, पंधरा दिवस घालवून दुसऱ्याच कुठल्या जातीच्या ट्रकाचा एक कार्ब्युरेटर शोधून आणला. “परजातीचा जावई,” ते म्हणाले, “पण घर चांगलं आहे.” त्याचा चोक थंडीत स्प्रिंगनं आपोआप मिटणारा होता. ते दार किलकिलं करायला एक छोटी डबी असते, नळीतून ओढ मिळाली की ती दार खेचते. ती डबी याच्यावर नव्हती. मेस्त्रींनी एका तिसऱ्या गाडीची डबी आणून बाजूच्या पट्टीवर बसवली.

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी जोडणी केली. पांढरा शर्ट, लाल दोरा, पिवळा दोरा. जीभ लावून ठरवलं: हे तोंड कायम ओढतं, इथून पिवळ्या दोऱ्याची नळी चोकच्या डबीला. ते तोंड दाबल्यावरच ओढतं, तिथून लाल दोऱ्याची नळी डिस्ट्रिब्यूटरला. या परक्या कार्ब्युरेटरची तोंडं उलट बाजूंना होती, म्हणून दोन्ही नळ्या एकमेकींवरून आडव्या गेल्या. फुलीसारख्या.

मी म्हणालो, “अण्णा, हे वाकडं दिसतंय.”

“नळी वाकडी असू दे, राव,” ते म्हणाले. “नातं सरळ पाहिजे.”

ट्रक सुरू झाला. इतका गुपचूप चालत होता की मेसच्या मालकानं बाहेर येऊन विचारलं, चालू आहे ना? मेस्त्रींनी बॉनेट लावलं आणि त्यावरून हात फिरवला.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. समारंभाची पाहणी माझ्याकडे होती. खुर्च्या रेषेत, फुलांच्या माळा सारख्या उंचीच्या. मग मी बॉनेट उघडलं. फोटोवाला इंजिनाचाही फोटो घेणार होता. आत लाल-पिवळे दोरे लोंबत होते. गावाबाहेरच्या नवसाच्या झाडासारखं ते दिसत होतं. मी ब्लेड काढलं आणि दोरे कापले. कापताना एक नळी निसटून हातात आली. ती परत लावायची तर होतीच. आणि समोर ती फुली होती.

मी फुली मोडली. दुसरीही नळी काढली आणि दोन्ही सरळ लावल्या, एकमेकींना समांतर. रात्री अण्णा दमले असतील, घाईत आडव्या लावल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी काहीच सांगितलं नाही. हात गेला आणि झालं. मागे सरून बघितलं. फार छान दिसत होतं.

दहा वाजता अज्जी ट्रकात बसली, शेजारी मालक. संक्रांतीच्या आधीची थंडी होती, तिनं रेशमी साडीवर शाल घेतली होती, मांडीवर तीच तसबीर. नादस्वर सुरू झालं. मेस्त्री बाजूला उभे होते, पांढऱ्या शर्टात, नवऱ्या मुलीच्या बापासारखे हात मागे बांधून. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. ट्रक उठला, पंचवीस पावलं गेला, खोकला, आणि मागच्या नळीतून काळा धूर सोडला. साधा धूर नव्हे. नादस्वरवाले त्यात दिसेनासे झाले, नुसता सूर ऐकू येत राहिला. मग ट्रक बंद पडला. ड्रायव्हर किल्ली फिरवत होता तसतसा पेट्रोलचा वास वाढत होता. थंडी होती, म्हाताऱ्यानं दार लावलं होतं, आणि ते किलकिलं करणारं माणूस मी भलत्या जागी, दाबल्यावरच ओढणाऱ्या तोंडाशी, नेऊन ठेवलं होतं. पहिल्या खोकल्यालाच मला कळलं.

मालक खाली उतरले आणि सगळ्यांसमोर कन्नडमध्ये एवढंच म्हणाले, “इष्टेना, मेस्त्री?” म्हणजे, एवढंच का?

मेस्त्रींनी बॉनेट उघडलं नाही. जावयाला चारचौघांत उघडं करायचं नाही हाही त्यांचाच नियम. ते मागे गेले आणि ढकलू लागले. मग सगळेच ढकलू लागले, वीस-पंचवीस माणसं, मीसुद्धा. अज्जी मात्र खूश होती. तिला वाटलं हा कार्यक्रमाचा भाग आहे. ती वरून हात हलवत होती आणि म्हणत होती, पहिल्या दिवशीही असंच ढकललं होतं, अगदी असंच. फाटकापासून दारापर्यंत आम्ही तिला मिरवत नेलं. मेस्त्रींच्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत काजळीचा पट्टा उमटला होता.

लोक बिसिबेळेभात जेवायला बसले तेव्हा मी मागे गेलो, बॉनेट उघडलं आणि नळ्या पुन्हा होत्या तशा, आडव्या लावल्या. मला वाटलं, आता ट्रक सुरू होईल, मेस्त्रींचं नाव वाचेल, माझंही वाचेल. हिशेब सरळ दिसत होता. मला सगळं सरळच दिसतं.

दहा मिनिटांनी ते आले. न जेवताच.

“दोरे कुठे गेले, राव?”

“मी काढले. फोटोसाठी.”

त्यांनी बॉनेटखाली वाकून बघितलं. “नळ्यांना हात लावला?”

“नाही,” मी म्हणालो. “नळ्या होत्या तशाच आहेत.”

चाळीस वर्षं इन्स्पेक्शनला काढलेला माणूस असं दुसरं वाक्य बोलू शकतो. त्या क्षणी मोजलं तर ते अगदी बरोबर होतं.

मेस्त्रींनी मान हलवली. “सरी. ठीक आहे. तुम्ही म्हणता तर नाही लावला.” त्यांनी इंजिन चालू केलं. उन्हं वर आली होती, पेट्रोल उडून गेलं होतं, नळ्या जागेवर होत्या. ट्रक आदल्या संध्याकाळसारखा गुपचूप चालू लागला. त्यांनी एकेक नळी काढून जिभेला लावली. बरोबर. पुन्हा लावली. बरोबर. ते बिघाड शोधत होते आणि मी त्यांना तो सापडू देत नव्हतो. एखादी तुटलेली नळी, एखादी चीर सापडली असती तर ते सुखानं जेवायला बसले असते. शेवटी त्यांनी चोकच्या स्प्रिंगवर बोट ठेवलं आणि खूप वेळ तसेच उभे राहिले.

“नळ्या बरोबर आहेत,” ते म्हणाले. “म्हणजे स्प्रिंग जास्त पिळली गेली. थंडीत दार उघडलं नाही, उन्हात उघडलं. माझ्याच हातानं पिळली आणि हाताला कळलं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या घरी आले. हातात ताट, ताटात केळी, विड्याची पानं, नारळ. दोघेही घराण्यांनी जुने, त्यामुळे क्षमा मागायची तर रिकाम्या हातानं मागत नाहीत हे दोघांनाही माहीत. ते खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, “तुमच्या शब्दावर मालकांनी ट्रक दिला. माझ्यामुळं तुम्हाला खाली बघायला लागलं. मला माफ करा, राव.”

तो क्षण होता. ताट दोघांच्या मधे होतं, बायको कापी करत होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हणालो, “असू द्या, अण्णा. होतं असं माणसाच्या हातून.”

त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. मी घेतलं. माझ्या चुकीची माफी त्यांनी माझ्याकडे मागितली आणि मी मोठ्या मनानं दिली. केळी गोड होती, हेही आठवतं.

त्यानंतर त्यांनी गाडीला पाना लावला नाही. शेडवर पहिल्यांदा पाटी लागली: मिक्सर, ग्राइंडर, फॅन, इस्त्री. लोकांना वाटलं, वय झालं. मेसमध्ये कुणी विचारलं तर म्हणायचे, हे बरं, बंद पडलं तर स्वयंपाकघरात पडतं, कुणाला ढकलावं लागत नाही. पांढरा शर्ट गेला. दोरे मात्र राहिले. मिक्सर दुरुस्त केला की त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधायचे आणि बायकांना बजावायचे, तीन दिवस चटणी वाटा, मग आणा, मी सोडतो. बायका हसत आणि आणतही.

एक गोष्ट नवी होती. पूर्वी ते कुणाला जवळ उभं राहू देत नसत. आता स्क्रू आवळला की तो पुढे करायचे आणि समोर असेल त्याला म्हणायचे, “स्वल्प बघा हो, घट्ट झालाय का?” कुणीही असो, इडली घेऊन जाणारा माणूस असो. पहिल्यांदा मला विचारलं तेव्हा मी स्क्रूवर बोट ठेवलं आणि म्हणालो, झालाय, अण्णा. त्या दिवशी मी जे सांगायला गेलो होतो ते तसंच परत घेऊन आलो.

सांगायला जायचं तर कारण पाहिजे. म्हणून पहिला मिक्सर. पीण्याच्या मेट्रो स्टेशनापासून शेडपर्यंत वाक्य घोकत गेलो. त्यांचा हात मशीनमध्ये होता. हात आत असताना बोलायचं नाही असा नियम. हात बाहेर येईतो दोन गिऱ्हाइकं आली. दुसऱ्या वेळी इस्त्री नेली. ते एका ग्राइंडरवर इतके खूश होते की मोडवेना. तिसऱ्या वेळी उदास होते, म्हटलं आज नको. फॅनच्या वेळी मेसचा मालक हलेचना. माझ्याकडच्या वस्तू संपत आल्या तेव्हा मी नवीन मिक्सर घेतला. तो बिघडवायला मला एक आठवडा धीर धरावा लागला, बायको शेजारणींना दाखवत होती.

तो नेला तेव्हा त्यांनी झाकण उघडलं, आत बघितलं आणि स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

“राव, हा स्क्रू आपोआप ढिला होत नाही. याला बोट लागलंय. मागच्या इस्त्रीलाही लागलं होतं. फॅनलाही.”

मला वाटलं, आलं. कळलं यांना. आणि खरं सांगतो, हलकं वाटलं.

ते हसले. “कशाला करायचं असं? वहिनींना उगीच त्रास. नुसतं यायचं. कापी प्यायची, बसायचं. आपल्या भाषेत बोलायला मला तरी दुसरं कोण आहे?”

इतक्या वर्षांत कुणी माझ्यावर इतका चांगला आरोप केला नव्हता. मी कापी प्यालो. चिकोरी जास्त होती. त्यांनी सांगितल्यावर मला कळलं.

मग मी नुसताच जाऊ लागलो, आणि नुसतं गेल्यावर तर सांगणं आणखीच अवघड झालं. बिघाड घेऊन जाणारा माणूस बिघाडाबद्दल बोलू शकतो. स्नेही म्हणून जाणाऱ्यानं मध्येच काय काढायचं? गेल्या वर्षी थंडीत एक इस्त्री खरोखरच बिघडली. आपोआप. मी ती घेऊन गेलो आणि अभिमानानं म्हणालो, अण्णा, याला बोट नाही लागलेलं. त्यांनी तपासून मान्य केलं. पुढच्या आठवड्यात या, म्हणाले. मी मनाशी ठरवलं, पुढच्या आठवड्यात सांगायचंच. त्यांच्या हातात इस्त्री असेल, नियम असो नसो, उभ्या उभ्या सांगून टाकायचं.

त्या आठवड्यात ते झोपेतच गेले. मला मेसच्या मालकाचा फोन आला. दिवसकार्य झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो तर त्यांच्या बायकोनं, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, आतून इस्त्री आणून दिली. काम झालेलं होतं. दांड्याला लाल दोरा.

“तुमचीच ना?” त्या म्हणाल्या. “मला दाखवली होती. स्क्रू घट्ट झालाय का बघ म्हणाले. मी म्हटलं, मला काय कळतं? तर म्हणाले, राव आले की त्यांना बघायला सांग. ते खोटं सांगत नाहीत.”

मी स्क्रूवर बोट ठेवलं. घट्ट होता.

इस्त्री आता कपाटावर आहे. दोरा जाडजूड, गाठ वेडीवाकडी, दोन टोकं दोन दिशांना गेलेली. बायको विचारते, तीन दिवस कधीच झाले, सोडत का नाही? मी सांगतो, ज्यानं बांधला त्यानं सोडायचा असतो. त्या टोकांकडे बघून माझी बोटं अजून शिवशिवतात, पण मी हात मागे बांधून उभा राहतो.

जे सांगायचं होतं ते फार नव्हतं. स्टेशनापासून शेडपर्यंतच्या रस्त्याला ते पाठ झालं असेल. अण्णा, तुमच्या हाताचं काही चुकलं नव्हतं. नळ्या मी सरळ केल्या होत्या. मला माफ करा.